पॅड बांधून बसलेल्यांचा इतिहास

शाळेत असताना मी खो-खोच्या संघात होतो, असे मी प्रथम बायकोला, मग मुलांना, मग सुनेला आणि आता नातवाला सांगत आलो आहे. हे विधान खोटे नाही. संघाचा फोटो आहे. त्यात मागच्या रांगेत डावीकडून दुसरा मी आहे. अर्धा चेहरा पुढच्याच्या डोक्याआड गेलेला आहे, पण कान माझाच आहे. बायकोने कान पाहिला आणि विषय सोडून दिला. मुलांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. नातवाने मात्र फोटो हातात घेतला, चष्म्यातून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आजोबा, पण तुम्ही खेळायचात, की नुसते टीममध्ये होतात?"

हे पोरगे पुढे वकील होणार.

आता लपवण्यात अर्थ नाही. खो-खोच्या संघात गडी बारा, आणि मैदानात उतरणारे नऊ. उरलेल्या तिघांना 'राखीव' म्हणतात. त्या तिघांत मी राखीव क्रमांक एक होतो. 'क्रमांक एक' हे शब्द कानाला बरे लागतात. पण वेटिंग लिस्टवरचा एक नंबर आणि गाडीतली खिडकीची जागा यांत जेवढे अंतर, तेवढेच माझ्यात आणि खेळात होते. चार्ट लागेपर्यंत आशा; चार्ट लागल्यावर फलाट.

निवृत्तीनंतर माणसे ज्ञानेश्वरी तरी वाचतात नाहीतर शेअर बाजार तरी. मी खेळांचे इतिहास वाचायला घेतले. त्यांत सगळे होते. धावा होत्या, बळी होते, गुण होते, ढाल कोणी जिंकली ते होते. नव्हते ते एकच. स्पर्धेला गेलेला पोरगा सकाळी सहाला घरातून निघतो आणि रात्री आठला परत येतो. त्यात तो प्रत्यक्ष खेळतो फार तर अर्धा तास. मग उरलेले साडेतेरा तास तो करतो काय? याबद्दल सगळे इतिहासकार मूग गिळून आहेत. ते स्वतः कधी राखीव नसावेत.

म्हणून हे काम मलाच करणे आले.

आंतरशालेय सामने ही भानगड मुळात इंग्रजांची. तीही सुरू झाली ती पोरांना खेळायची हौस होती म्हणून नव्हे, तर मास्तरांना झोप लागत नव्हती म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिकडच्या निवासी शाळांतली मुले वर्ग सुटले की रानोमाळ सुटायची. खारी-पाखरांना दगड मारायचे, लोकांच्या हद्दीत घुसून शिकार करायची, शेतकऱ्यांशी मारामाऱ्या करायच्या. मार्लबरो नावाच्या शाळेत तर १८५१ साली मुलांनी सरळ बंड केले. आपल्या सत्तावनच्या आधी सहा वर्षे! फटाके उडवले, काचा फोडल्या आणि हेडमास्तरांना घरी बसवले. त्यांच्या जागी १८५२ साली कॉटन नावाचे गृहस्थ आले. माणूस धोरणी. त्यांनी ओळखले की छडीने पोरगे तासभर गप्प बसते, पण संध्याकाळ मोठी असते. १८५३ साली त्यांनी पालकांना एक परिपत्रक धाडले. त्याचा मथितार्थ असा, की मुलांचा रिकामा वेळ यापुढे गावात आणि रानात न जाता शाळेच्या मैदानावर जाईल. झाले. क्रिकेट आणि फुटबॉल यांना वेळापत्रकात मानाचे पान मिळाले आणि त्या भागातल्या खारी सुखाने नांदू लागल्या असाव्यात.

हेच कॉटनसाहेब पुढे १८५८ साली कलकत्त्याचे बिशप होऊन आपल्याकडे आले. सिमल्याला त्यांच्या नावाची शाळा आहे. १८६६ साली कुष्टियाजवळ आगबोटीत चढताना फळीवरून पाय घसरून ते नदीत पडले आणि गेले. बिचाऱ्यांनी आयुष्यभर पोरांचा पाय घसरू नये म्हणून जिवाचे रान केले होते.

पण कॉटनसाहेबांच्या हिशेबात एक चूक राहिली, आणि ती दाखवायला राखीव गडीच हवा. खेळ आणला तो रिकामा वेळ भरून काढायला. आणि खेळाने काय केले? रिकामा वेळ दुप्पट केला! क्रिकेटच घ्या. बावीस जण खेळतात असे आपण म्हणतो. मैदानात दिसतात तेरा. नऊ जण तंबूत बसून एकमेकांच्या डब्यातले खातात. आपल्या कबड्डीची तीच तऱ्हा. बाद झालेला गडी बाहेर. पूर्वी तिच्या तीन जाती होत्या. गामिनीत मेलेला गडी सबंध संघ गारद होईपर्यंत मेलेलाच राही. संजीवनीत समोरचा मेला की इकडचा जिवंत होई. आणि अमरमध्ये कोणी मरतच नसे, नुसता गुण लिहून घेत. माझ्यासारख्याचे मत विचारले असते तर मी 'अमर'च्या बाजूने हात वर केला असता. पण नियम करणाऱ्यांनी संजीवनीला पसंती दिली, कारण थोडे मरण असल्याशिवाय खेळाला गंमत नाही, असे त्यांना वाटले असावे.

आणि आमचा खो-खो! त्याचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली प्रथम बांधून दिले. बसणे या क्रियेला खेळाचा दर्जा देणारा जगात दुसरा खेळ असेल असे मला वाटत नाही. पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण पाटीवर उकिडवे बसलेले, पळतो एक. समोरच्या नऊ जणांपैकी आत तिघे, बाहेर बसलेले सहा. त्यात दोन्हीकडचे राखीव मिळवा. चोवीस पोरांत उभे असतात चार. बाकी वीस जणांची बैठक! यापेक्षा ग्रामपंचायतीच्या सभेत जास्त हालचाल असते.

मुंबईला हे शालेय सामन्यांचे वेड लागले त्याला कारण लॉर्ड हॅरिस. इंग्लंडच्या संघाचे एके काळचे कप्तान आणि १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर. त्यांच्या नावाची ढाल मुंबईच्या शाळांसाठी निघाली, ती हॅरिस शिल्ड. लहान मुलांसाठी पुढे गाइल्स शिल्ड आली. या ढालींनी मुंबईला आणि पर्यायाने देशाला किती खेळाडू दिले त्याची मोजदाद करणारे पुष्कळ आहेत. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो हॅरिससाहेबांच्या आठवणींच्या पुस्तकातल्या एका मतात. १९२१ साली साहेबांनी लिहून ठेवले आहे, की क्रिकेटमध्ये हिंदी माणूस सगळे शिकेल, पण धीर धरण्याच्या बाबतीत तो इंग्रजाच्या पंगतीला कधी बसणार नाही.

धीर! साहेबांना आमची शाळा ठाऊक नव्हती.

गोष्ट १९६६ सालच्या डिसेंबरातली. आम्ही तालुक्याला जिंकून जिल्ह्याच्या गावी गेलो होतो. एस.टी.च्या मागच्या बाकांवर बारा पोरे, बारा वळकट्या आणि ड्रिलमास्तर. मुक्काम यजमान शाळेच्या पाचवी 'ब'मध्ये. बाके भिंतीला लावून ठेवलेली, मध्ये सतरंजी, आणि फळ्यावर आजचा सुविचार: 'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे.' आमच्या कॅप्टनने त्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिले, 'यजमान संघास शुभेच्छा.' ड्रिलमास्तरांनी ते पाहिले, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग स्वतःच मिशीत हसत पुसून टाकले. सुविचार मात्र ठेवला. पुढे तोच उपयोगी पडणार होता.

ड्रिलमास्तरांचा सबंध दौऱ्यासाठी एकच नियम होता. "मैदानावर कसं वागायचं ते तुम्हांला ठाऊक आहे. मला भीती आहे ती तुम्ही मैदानाबाहेर असताना." थोडक्यात, कॉटनसाहेबांचे दुखणे एकशे तेरा वर्षांनी आमच्या मास्तरांनाही होतेच.

आणि ती भीती रास्त होती. शेजारच्या पाचवी 'अ'मध्ये दुसऱ्या तालुक्याचा संघ उतरला होता. रात्री दिवे मालवल्यावर मधल्या दारातून प्रथम घोषणा, मग भेंड्या आणि अकराच्या सुमारास चपला सुरू झाल्या. चपला आमच्या बाजूला जास्त आल्या, म्हणजे खरे तर आम्हीच जिंकलो, पण सकाळी त्या परत मागायला आलेल्या संघापुढे आमचा कॅप्टन साळसूदपणे म्हणाला, "दादा, आम्ही तर नऊलाच झोपलो." समोरच्या इमारतीत मुलींचे संघ होते. त्यामुळे नळावर तोंड धुवायला जाताना भांग पाडून जाण्याची एक नवीनच प्रथा पडली. विज्ञानाच्या कपाटात एक सांगाडा होता. त्याच्या गळ्यात कोणीतरी आमच्या तालुक्याचा बिल्ला अडकवला. कोणी ते आजवर बाहेर आलेले नाही, आणि मीही सांगणार नाही.

राखिवांना मात्र कामे होती. नऊ जणांच्या अठरा चपला, तीन घड्याळे, दोन ताईत आणि एक जानवे सांभाळणे. लिंबाच्या फोडी करणे. टाळ्या वाजवणे. सामन्याआधी ड्रिलमास्तर ग्लुकोजचा डबा उघडत आणि नऊ तळहातांवर एकेक चमचा पूड घालत. राखिवांच्या तळहाताकडे त्यांचे लक्ष जात नसे. चमचा चाटायला मिळे तो राखीव क्रमांक एकला. माझ्या पदाचा हा एकमेव अधिकार होता आणि मी तो राखून होतो.

आमच्यात एक हुकमी गडी होता. वाडीवरून रोज दीड कोस चालत शाळेला येणारा. अंगाने वेताच्या काडीसारखा, आणि आत उतरला की पाठलाग करणारा पुढे जायचा तेव्हा हा मागे असायचा. तो गडी डावभर नाबाद राहिला नाही तर आम्ही त्याला आजारी समजत असू. पहिले दोन सामने त्याच्याच पायांवर निघाले. उपान्त्य सामना तिसऱ्या दिवशी सकाळी नवाला होता.

नवाला प्रमुख पाहुणे यायचे होते. साडेनऊ झाले. दहा झाले. बँड दोनदा वाजून गेला. पाहुण्यांची जीप कुठे अडकली होती देव जाणे. ड्रिलमास्तर पंचांशी बोलण्यात गुंतलेले आणि आम्ही बारा जण लिंबाच्या झाडाखाली बसलेले. अशा वेळी पोराच्या डोक्यात काय येते, हे मार्लबरोत कळले होते. आमच्याकडे ते माझ्या डोक्यात आले.

मैदानाच्या मागे ओढा होता आणि ओढ्यापलीकडे पेरूची बाग.

मी एकटा गेलो असतो तर हा इतिहास लिहायची गरज पडली नसती. पण मला झाडावर चढता येत नसे. हुकमी गडी नको म्हणत होता. "आज आबा येणार हायती बघायला," तो म्हणाला. त्याच्या वडिलांनी त्याला खेळताना कधी पाहिले नव्हते. मी म्हणालो, "अरे, पाच मिनिटांचं काम. पाहुणे काय येत नाहीत एवढ्यात." त्याला मैत्रीत नाही म्हणता येत नसे. पेरू मिळाले, सात. परत येताना राखणदार ओरडला, आम्ही कुंपणावरून उडी टाकली. मी पडलो गवतावर आणि तो बाभळीच्या फांदीवर. काटा टाचेत असा शिरला की त्याने तो उपटला तेव्हा आवाज झाल्याचे मला आठवते. आवाज बहुधा माझ्याच तोंडून आला असावा, कारण तो काहीच बोलला नाही. ओढ्याच्या पाण्यात पाय बुडवून बसला.

तेवढ्यात बँड तिसऱ्यांदा वाजला. पाहुणे आले होते.

"काटा कुठं लागला?" ड्रिलमास्तरांनी विचारले.

"इथंच, मैदानावर," तो म्हणाला. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्या खिशात तेव्हा सात पेरू होते.

मास्तरांनी टाचेला हळद लावून फडके बांधले, याद्या बदलल्या, आणि मग माझ्याकडे असे पाहिले, जसे दुधात पडलेल्या माशीकडे पाहतात. राखीव क्रमांक एकला जागा मिळाली. चार्ट लागला होता! मला शेवटच्या तुकडीत, शेवटी टाकले. म्हणजे वेळ येऊ नये अशी सोय केली.

पळती प्रथम आमची होती. म्हणून पहिला डाव मी सीमेबाहेर माझ्या तुकडीबरोबर बसलो होतो, आणि माझ्या पलीकडे फडके बांधलेला पाय लांब करून हुकमी गडी. एवढ्यात धोतर, कोपरी, मुंडासे आणि हातात भाकरीचे फडके अशी एक मूर्ती येऊन आमच्यामागे उकिडवी बसली. आबा. चार कोस चालून आले होते.

बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी मला विचारले, "ही मधी बसल्यात ती कंच्या शाळंची?"

"समोरची."

"आन् ही आपली भाईर बसल्याली?"

"हो."

"बरं," आबा म्हणाले, "बसायचा ख्योळ हाय म्हना की."

मी हुकमी गड्याकडे पाहिले. तो जमिनीकडे बघत काडीने माती उकरत होता. त्याने सांगितले नाही. मग मीही सांगितले नाही. आज पळणारा पोरगा तुमचाच होता आणि तो बसला आहे तो माझ्यामुळे, हे वाक्य बोलायला जेवढा धीर लागतो तेवढा हॅरिससाहेबांकडे तरी होता की नाही, शंकाच आहे.

मग माझी तुकडी आत गेली. पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच झाले. खांबाला वळसा घालायचा असतो हे मला अनेक वर्षे बघून ठाऊक होते. त्या क्षणी मी खांबाला मिठी मारली. नंतर लोकांनी अकरा सेकंद म्हणून सांगितले. माझ्या अंदाजाने बारा असावेत. सामना आम्ही एका गुणाने हरलो. एका! त्या दिवशी गुण पुष्कळांनी घालवले होते, पण तो एक कोणाचा हे ज्याचे त्याला कळते.

दुसऱ्या डावात आम्ही पाटीवर बसलो तेव्हा आबांचे लक्ष माझ्यावर होते. सामना संपल्यावर त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चांगला बसलास. जागचा हाललास न्हाईस." मग माझ्याकडे वळून, "तू मातर लई चुळबूळ करत हुतास गड्या." आणि भाकरीचे फडके सोडले. त्यांनी पहिली भाकरी मला दिली. पेरू मी परतीच्या रस्त्यात एस.टी.च्या खिडकीतून टाकून दिले. सातही.

या घटनेनंतर एकवीस वर्षांनी, १९८८ च्या फेब्रुवारीत, आझाद मैदानावर हॅरिस शिल्डचा उपान्त्य सामना झाला. शारदाश्रमविरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर वय वर्षे चौदा, विनोद कांबळी सोळा. ८४ ला २ अशा धावसंख्येवर दोघे एकत्र आले आणि ६६४ धावांची भागीदारी करूनही बाद झाले नाहीत. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. डाव घोषित करा म्हणून सहायक प्रशिक्षक सीमारेषेवरून हाका मारत होते आणि ही दोन कार्टी गाणी म्हणत, त्यांच्याकडे न बघता खेळत होती, असे सांगतात. शेवटी उपाहाराच्या सुट्टीत आचरेकर सरांना फोन झाला. कांबळीने एका धावेसाठी विनवणी केली म्हणे. सर म्हणाले, डाव सोडा. ७४८ ला २. पुढे २००६ साली हैदराबादच्या दोन शाळकरी पोरांनी ७२१ करून तो विक्रम मोडला, तो भाग निराळा.

सगळा देश त्या ६६४ कडे बघत होता. मी धावफलक वाचत असताना माझी नजर गेली ती खालच्या ओळीवर. पुढचा फलंदाज कोण? तो होता अमोल मुझुमदार नावाचा तेरा वर्षांचा पोरगा. पॅड बांधून बसला होता. आता जाऊ, मग जाऊ, म्हणत म्हणत दोन दिवस बसला. वर्तमानपत्रात याची ओळसुद्धा नव्हती. हे पुष्कळ वर्षांनी लोक सांगू लागले. माझ्या मते त्या सामन्यात खरी कसोटी त्याचीच लागली. फलंदाजाला निदान पुढचा चेंडू असतो. याला काय होते? टाळ्या. शंभराला वाजव, दीडशेला वाजव, दोनशेला वाजव. इकडच्याला, मग तिकडच्याला. तळहात सोलवटले असतील पोराचे.

टाळ्यांवरून आठवले. लहानपणी तेंडुलकर एकदा सराव सामना बुडवून वानखेडेवर गेला होता. शाळेच्या मोठ्या मुलांचा हॅरिस शिल्डचा अंतिम सामना होता, त्यांना टाळ्या वाजवायला. आचरेकर सरांनी त्याला फैलावर घेतले. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी वाजवतील असे खेळ, असा त्या कानउघाडणीचा आशय. सरांचे बरोबरच होते. फळ सगळ्यांनी पाहिले. पण सर, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून एक विचारतो. सगळ्याच पोरांनी ऐकले असते, तर वाजवल्या कोणी असत्या?

मुझुमदारांचे नाव मग मी पेपरात शोधत राहिलो. माणूस आपल्या जातीचा वाटत होता. पण तो आपल्या जातीचा निघाला नाही. रणजी पदार्पणात, १९९३-९४ च्या मोसमात, हरियाणाविरुद्ध २६०! पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात तोवर कोणी एवढ्या धावा केल्या नव्हत्या. पुढे २००६-०७ साली मुंबईला कप्तान म्हणून रणजी करंडक. कारकीर्द संपली तेव्हा खाती ११,१६७ धावा आणि तीस शतके. आणि भारताकडून सामने? शून्य. त्यांच्या वेळी पुढे खेळणारे बादच होत नव्हते. पॅड पुन्हा बांधलेलेच राहिले.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक हेच मुझुमदार होते. अंतिम सामन्यात सामनावीर ठरली शफाली वर्मा. ८७ धावा आणि दोन बळी. ती मूळ पंधरा जणींत नव्हतीच. प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून उपान्त्य सामन्याच्या तोंडावर तिला बोलावले. आणि प्रतिका? धावांचा डोंगर रचलेली ती मुलगी चाकाच्या खुर्चीत बसून मैदानात आली. टीव्हीवर सगळे जण नाचणाऱ्यांकडे बघत होते. मी खुर्चीकडे बघत होतो. नातू म्हणाला, "आजोबा, जिंकलोय आपण, रडताय काय?"

रात्री साडेबाराला फोन वाजला. हुकमी गडी. सहकारी बँकेतून निवृत्त होऊन आता वाडीवरच असतो. गुडघे गेलेत.

"बघितलंस?"

"बघितलं."

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग ती खुर्ची डोळ्यांसमोर असल्यामुळे असेल, एकोणसाठ वर्षे तोंडात घोळवलेले वाक्य मी बोलून टाकले. "अरे, तो काटा माझ्यामुळं लागला. आबांनी तुला पळताना बघितलंच नाही."

"हे एवढ्या रात्री का?" तो म्हणाला. "आबांना ठाऊक होतं की."

"काय ठाऊक होतं?"

"खो-खो. जत्रंत खेळायचे ते, लग्नाआधी. माझ्यापेक्षा बरं पळायचे म्हणत्यात. माझं तोंड बघितलं आणि बसले गप्. घरी जाताना ओढ्यापाशी विचारलं मला, पेरू तरी गोड होते का म्हणून. खिसा तुझा फुगला होता ना."

मला काही सुचेना. मी म्हणालो, "मी ते फेकून दिले रे."

"सगळे? येडाच हाईस. मला एक तरी द्यायचास." मग जरा थांबून, "बरं, ते जाऊ दे. मला एक सांग. तो तुझा मुझुमदार दोन दिवस पॅड बांधून बसला होता म्हणतोस ना?"

"हो."

"मग एकीला कसा गेला असेल रे?"

"पॅड बांधून जाता येतं."

"तुला काय ठाऊक? तू कधी बांधलेस?"